गैरत, चार साक्षीदार आणि हिलालच्या बायकोची पाचवी शपथ

मिरजकर

मागच्या महिन्यात ऑफिसात डबा खाताना एकानं मोबाइलवर बातमी वाचून दाखवली. सीमेपलीकडची. भावानं बहिणीला मारलं, कारण नेहमीचंच. वाचून झाल्यावर तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्यात हे धर्मातच आहे ना रे?" त्याच्या मनात काही नव्हतं. पुढच्याच क्षणी त्यानं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला. मी "नाही रे, तसं काही नाही" एवढं पुटपुटलो आणि चटणी घेतली. खरं सांगायचं तर नक्की काय आहे ते मलाच ठाऊक नव्हतं. लहानपणी रोज संध्याकाळी मशिदीत अरबी वाचायला शिकलो, पण अर्थ कुणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

मग महिनाभर वाचत बसलो. मौलवी नाही, हिशेबनीस आहे, त्यामुळे चूक आढळली तर कान धरा.

शोधायला निघालो 'गैरत' या शब्दामागे. आपल्याकडे उर्दूतून आलेला हा शब्द बहुतेकदा 'घराण्याच्या इभ्रतीची चाड' अशा अर्थानं चालतो, आणि बेगैरत ही शिवी आहे. मला वाटलं होतं, कुराणात कुठेतरी घराण्याची अब्रू बाईच्या अंगावर टांगलेली सापडेल. सापडलं ते भलतंच. अब्रूविषयी सगळ्यात सविस्तर बोलणारी सूरह (कुराणातला अध्याय) म्हणजे २४वी, सूरह नूर. तिच्यात रागाचा रोख बाईपेक्षा बाईबद्दल बोलणाऱ्या जिभांवर जास्त आहे.

चौथी आयत, म्हणजे वचन, बघा. शीलवान स्त्रीवर आळ घ्यायचा आणि चार साक्षीदार आणता आले नाहीत, तर आळ घेणाऱ्याला ८० फटके. शिवाय त्याची साक्ष पुन्हा कधीच ग्राह्य धरायची नाही. आणि चार साक्षीदार म्हणजे 'आम्ही दोघांना खोलीत जाताना पाहिलं' म्हणणारे चालत नाहीत. प्रत्यक्ष कृती डोळ्यांनी पाहिलेले चार जण लागतात. तिघांनी पाहिलं आणि चौथा कचरला, तर फटके त्या तिघांना. गावगप्पा मारणाऱ्याला याहून मोठा धाक कुठला?

हे आलं कशातून, तर थेट पैगंबरांच्या घरातून. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना मुक्काम पडला होता. पैगंबरांच्या पत्नी आयेशा जरा लांब गेल्या, तिथे गळ्यातला यमनी मण्यांचा हार तुटून पडला, तो शोधण्यात वेळ गेला. इकडे माणसांनी हौदा उचलून उंटावर ठेवला. त्या इतक्या हलक्या, की आत कुणी नाही हे उचलणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही. काफिला निघून गेला. मागून येणाऱ्या सफवान नावाच्या सहकाऱ्यानं त्यांना पाहिलं, आपल्या उंटावर बसवलं आणि स्वतः पायी चालत काफिल्यापाशी आणून सोडलं. एवढंच घडलं. पण मदिनेत महिनाभर कुजबुज चालली.

त्या महिन्याचं वर्णन स्वतः आयेशांच्या तोंडून हदीसमध्ये (पैगंबरांच्या आठवणी-वचनांच्या नोंदींत) आलेलं आहे, आणि ते वाचताना मला सारखी आपलीच गल्ली दिसत होती. त्या आजारी आहेत, त्यांना काही माहीतच नाही. फक्त नवरा पूर्वीसारखं बोलत नाही एवढं जाणवतंय. एका रात्री बाहेर गेल्यावर बरोबरची म्हातारी ठेचकाळते आणि आपल्याच मुलाला शिव्याशाप देते. का, म्हणून विचारल्यावर कळतं की अफवा पसरवण्यात तोही आहे. मग माहेरी जाऊन रडणं. आई समजावते, की देखण्या आणि लाडक्या बायकोबद्दल लोक बोलतातच. पैगंबर घरातल्या बरीरा या दासीला विचारतात, तुला काही संशयास्पद दिसलं का? ती म्हणते, दोष एवढाच की पोर लहान आहे, पीठ मळून ठेवते, डोळा लागतो आणि बकरी येऊन पीठ खाऊन जाते.

हे पीठ आणि ती बकरी माझ्या डोक्यातून जात नाहीत. साऱ्या शहरात जिच्या चारित्र्याची चर्चा चालली होती, तिच्याविरुद्ध घरातल्या बाईकडे असलेला पुरावा हा!

शेवटी आयती आल्या, आयेशा निर्दोष ठरल्या. आई म्हणाली, ऊठ, नवऱ्याचे आभार मान. त्या म्हणाल्या, मी उठणार नाही, आभार मानेन ते फक्त अल्लाहचे. (माझ्या बायकोला हे वाक्य वाचून दाखवलं. तिला ते फार आवडलं. थोडं जास्तच.) अफवा पसरवणाऱ्यांना फटके बसले. आयेशांचे वडील अबू बक्र त्यांच्यापैकी मिस्तह या गरीब नातेवाइकाला नेमानं मदत करत असत. मुलीची बदनामी केल्यावर त्यांनी ती बंद केली, तर त्यावरही आयत उतरली: ऐपतवाल्यांनी नातेवाइकांना न देण्याची शपथ घेऊ नये, क्षमा करावी. मदत पुन्हा सुरू झाली. बापाच्या रागाला इथे जागा मिळाली नाही.

आता मूळ मुद्दा. नवऱ्यानंच डोळ्यांनी पाहिलं तर? तो चार साक्षीदार कुठून आणणार? उवैमिर नावाच्या माणसानं हा प्रश्न अगदी उघड विचारला होता: एखाद्यानं आपल्या बायकोबरोबर परपुरुषाला पाहिलं आणि त्याला मारून टाकलं, तर तुम्ही त्या नवऱ्याला ठार कराल, मग त्यानं करायचं काय? तलवार हाताशी असलेला समाज आहे, आणि विचारणाऱ्याला उत्तर 'मार' असं हवंय.

उत्तर आलं ते शपथांचं. याला लिआन म्हणतात. नवऱ्यानं चार वेळा अल्लाहची शपथ घेऊन सांगायचं की मी खरं बोलतोय, आणि पाचव्यांदा, खोटं बोलत असेन तर माझ्यावर अल्लाहचा शाप. मग बायकोनं चार वेळा शपथ घेऊन सांगायचं की हा खोटं बोलतोय, आणि पाचव्यांदा, तो खरा असेल तर माझ्यावर अल्लाहचा कोप. तिनं एवढं म्हटलं की तिची शिक्षा टळली. दोघं कायमचे विभक्त. विषय संपला. तिच्या पाच शपथा त्याच्या पाच शपथांना पुऱ्या पडतात, आणि या सगळ्यात भावाला, बापाला, चुलत्याला भूमिकाच नाही.

याच संदर्भात हिलाल बिन उमय्याची हदीस आहे. त्यानं शरीक नावाच्या माणसाचं नाव घेऊन बायकोवर व्यभिचाराचा आरोप केला. पैगंबर म्हणाले, पुरावा आण, नाहीतर तुझ्या पाठीवर फटके. मग लिआनच्या आयती आल्या. हिलालनं शपथा घेतल्या. बायको उभी राहिली, चार शपथा घेतल्या, पाचवीला लोकांनी तिला सावध केलं. ती अडखळली. बघणाऱ्यांना वाटलं, आता ही कबूल करणार. मग ती म्हणाली, मी माझ्या माणसांना जन्मभर मान खाली घालायला लावणार नाही. आणि पाचवी शपथ घेऊन मोकळी झाली.

पुढचं महत्त्वाचं. पैगंबर म्हणाले, मूल कसं जन्मतंय ते बघा, अमुक रूपाचं असेल तर ते शरीकचं. मूल तसंच जन्मलं. त्यावर पैगंबर एवढंच म्हणाले, की अल्लाहच्या ग्रंथानं निकाल दिलेला नसता तर मी हिच्याकडे बघितलं असतं. आणि तिला काहीही केलं नाही.

म्हणजे घराण्याच्या अब्रूसाठी बहुधा खोटी शपथ घेतलेली बाई, समोर मुलाच्या चेहऱ्यावर पुरावा, आणि तरीही प्रक्रिया संपली म्हणजे संपली. हे मला डब्याच्या वेळी माहीत असतं तर बरं झालं असतं.

---

शंकासुर

लेख आवडला, बकरीसकट. पण मिरजकर, तुम्ही ताटातलं गोड तेवढं वाढलंत.

पैगंबरांचा सहकारी साद बिन उबादा याची हदीस का सोडली? बायकोबरोबर कुणी दिसला तर तलवारीच्या धारेनंच मारीन, असं तो म्हणाला. त्यावर पैगंबरांचं उत्तर: सादच्या गैरतीचं नवल वाटतं का? मी त्याच्याहून गैरतमंद आहे आणि अल्लाह माझ्याहून. आजही इभ्रतीसाठी मारणारे आणि त्यांचे पाठीराखे हेच वाक्य तोंडावर फेकतात. तुम्ही म्हणाल ते संदर्भ सोडून बोलतात. पण त्यांनाही हेच वाटतं की संदर्भ तुम्ही सोडलात.

दुसरं. भावा-बापाला भूमिकाच नाही म्हणता. मग फिकहमधला, म्हणजे पंडितांनी मांडलेल्या इस्लामी कायद्यातला, 'मुलाच्या खुनाबद्दल बापाला देहदंड नाही' हा नियम कुठून आला? तो हदीसवरच उभा आहे. सुन्नी कायद्याच्या चारपैकी तीन पंथ तो मानतात. मालिकी तेवढे हेतुपुरस्सर कापून मारलं असेल तर अपवाद करतात. आता मुलीला मारणारा बहुतेक वेळा कोण असतो ते सांगा.

तिसरं, चार साक्षीदारांचा नियम बाईच्या बाजूचा म्हणून तुम्ही मांडलात. पाकिस्तानात १९७९च्या हुदूद (शरियतमधल्या ठरावीक शिक्षांच्या) अध्यादेशांनंतर काय झालं? १९८३ साली साहीवालच्या एका अंध मुलीवर बलात्कार झाला. ती गरोदर राहिली म्हणून व्यभिचाराचा गुन्हा तिच्यावर सिद्ध, आणि पुरुष पुराव्याअभावी सुटला. तिला फटके, तीन वर्षं कैद आणि दंड अशी शिक्षा झाली. बाहेर बोंबाबोंब झाल्यावर वरच्या शरियत न्यायालयानं ती रद्द केली. बलात्कार पुन्हा साध्या दंडसंहितेत यायला २००६ उजाडलं. बाईला वाचवायला बांधलेली भिंत बाईच्याच अंगावर पाडता येते. भिंत कुणी बांधली याचं कौतुक किती करायचं?

---

टवाळ_पेठ

इतका अभ्यास करून ऑफिसात सांगणार काय? "अरे, ८० फटके आहेत, काळजी नको." 😄

---

प्रशासक

टवाळ_पेठ, हा एक प्रतिसाद ठेवतोय. पुढचे दोन उडवले आहेत, का ते तुम्हाला माहीत आहे.

---

वकीलबाई_लातूर

शंकासुर, तुमचा दुसरा मुद्दा सगळ्यात जड आहे. त्यावर थोडं लिहिते, कारण कायदा नेमका तिथेच अडकला.

पाकिस्तानात १९९०पर्यंत खुनाला आपल्यासारखीच १८६०ची दंडसंहिता लागू होती. १९८९ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं ती कलमं इस्लामशी विसंगत ठरवली आणि १९९०च्या अध्यादेशानं किसास-दियत आणलं. किसास म्हणजे जिवाला जीव, दियत म्हणजे रक्ताची भरपाई. मृताच्या वारसांना माफ करण्याचा किंवा पैसे घेऊन तडजोड करण्याचा हक्क मिळाला. मुळात ही कल्पना टोळ्यांमधलं पिढ्यान्‌पिढ्यांचं सूड-सत्र थांबवण्याची, आणि त्यासाठी ती चांगलीच आहे. तिकडचा मेला, त्याच्या माणसांनी माफ केलं, रक्तपात थांबला.

पण खुनी आणि वारस एकाच घरातले असले की काय होतं? भाऊ बहिणीला मारतो. बाप वारस म्हणून भावाला माफ करतो. रात्री सगळे एका पंगतीला जेवतात. बापानंच मारलं असेल तर दंडसंहितेच्या ३०६व्या कलमानं त्याला किसास लागूच होत नाही. १९९९ साली एका घटस्फोट मागणाऱ्या तरुणीला लाहोरमध्ये तिच्या वकिलाच्या कचेरीत गोळी घातली, मारेकऱ्याला घेऊन आली होती तिची आई! त्या घटनेचा निषेध करणारा ठराव तिथल्या सिनेटमध्ये मंजूर होऊ शकला नाही.

२००४मध्ये दुरुस्ती झाली, पण माफीची फट तशीच राहिली. मग समाजमाध्यमांवर गाजलेली कंदील बलोच. जुलै २०१६, मुलतान, भावानं गळा आवळला आणि पत्रकारांपुढे सांगितलंही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा बदलला: इभ्रतीच्या खुनात वारसांनी माफ केलं तरी फाशी तेवढी टळेल, जन्मठेप टळणार नाही. २०१९मध्ये भावाला जन्मठेप झालीही. आणि फेब्रुवारी २०२२मध्ये उच्च न्यायालयाच्या मुलतान खंडपीठानं त्याला निर्दोष सोडलं. त्याआधी आईनं माफीनामा दिला होता. कायदा लिहिताना 'इभ्रतीचा खून' हे वेगळं खातं केलं, की खून त्या खात्यात बसतो की नाही यावरच वाद घालता येतो.

मिरजकर, म्हणून 'ही केवळ रूढी आहे, धर्माचा संबंध नाही' असं तुम्ही डब्यावर सांगू नका. खून करण्याची परवानगी ग्रंथात नाही हे खरंच. पण सुटकेची वाट फिकहमधून गेली.

आणि आपल्याकडच्यांनी मिशीला पीळ देऊ नये. आपल्याकडे खुनात तडजोड कायद्यानं होत नाही, मान्य. पण साक्षीदार फिरतात. नगर जिल्ह्यातलं खर्डा आठवतंय ना? २०१४, मारला गेलेला शाळकरी दलित पोरगा. २०१७मध्ये सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. तिथे दियत नव्हती, गाव होतं.

---

अम्मानहून_अधूनमधून

धागा वाचून राहवलं नाही. कामानिमित्त जॉर्डनमध्ये बरीच वर्षं आहे, तिथलं एक सांगतो.

जॉर्डनच्या १९६०च्या दंडसंहितेत ३४०वं कलम आहे. बायकोला किंवा नात्यातल्या बाईला परपुरुषाबरोबर पकडून मारलं तर शिक्षेत सूट. आम्ही सगळे इथे येताना समजत होतो की हे शरियतमधलं. एका स्थानिक वकील मित्रानं हसून सांगितलं, बाबा रे, हे पॅरिसहून आलंय. १८१०च्या फ्रेंच दंडसंहितेचं ३२४वं कलम, तिथून १८५८च्या उस्मानी (तुर्की) संहितेत, आणि तिथून इकडे. फ्रान्सनं स्वतःचं कलम १९७५ला काढलं. इटलीत असलंच कलम १९८१पर्यंत होतं. ज्या गोष्टीला इथले लोक 'आमची परंपरा' म्हणून छातीशी धरतात, तिच्या कागदावर नेपोलियनचा शिक्का.

पण खरा घोळ ३४०पेक्षा ९८व्या कलमाचा. 'रागाच्या भरात' केलेल्या गुन्ह्याला सौम्य शिक्षा. वकील तेच वापरायचे. आणि घरच्यांनी तक्रार मागे घेतली की उरलेली शिक्षा निम्मी. तीच ती माफी.

याहून विचित्र म्हणजे जिच्या जिवाला धोका, तिलाच 'संरक्षणासाठी' तुरुंगात ठेवायचे. सुटायचं तर घरातला पुरुष येऊन हमीपत्र देणार. काही जणी त्या हमीवर घरी गेल्या आणि मारल्या गेल्या. २०१८ला त्यांच्यासाठी वेगळं निवासस्थान सुरू झालं. सूरह नूर पाठ असलेली माणसं या यंत्रणेत होती हो. पाठ होती.

---

जुना_गिरगावकर

उवैमिरचा प्रश्न वाचून मी सरळ १९५९मध्ये गेलो. तेव्हा शाळेत होतो.

नौदलाचा अधिकारी नानावटी. बायकोनं कबुली दिली, यानं जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं, अहुजाच्या घरी गेला, तीन गोळ्या. मुंबईच्या ज्यूरीनं ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं! रस्त्यावर 'अहुजा टॉवेल' आणि खेळण्यातली रिव्हॉल्व्हरं विकायला होती. आमच्या चाळीत एकही माणूस अहुजाच्या बाजूचा नव्हता. सोवळ्यातली माझी आजीसुद्धा म्हणायची, "बरोबर केलंन." उच्च न्यायालयानं ज्यूरीचा निकाल फिरवला, जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयानं १९६१ला ती कायम केली. आणि १९६४ला राज्यपालांनी माफी दिली, त्याआधी मृताच्या बहिणीची संमती मिळवली होती.

वकीलबाई, हे काय झालं? वारसाची माफीच की! फक्त नाव राजभवनाचं.

आणि शंकासुर, 'भिंत कुणी बांधली' याचं कौतुक नको म्हणता ते पटतं, पण भिंतीची दुरुस्ती कुणी करायची हाही प्रश्न आहेच. १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला होता. सात! तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. पुढे १९७०ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. दलवाई ग्रंथातून उत्तर शोधत नसत, ते सरळ समान नागरिकत्व मागत. दुसऱ्या टोकाला मुंबईतच असगर अली इंजिनिअर, कुराणातल्याच न्यायाच्या कल्पनेवर उभे राहून भांडणारे. दोघांचं आपसात पटण्यासारखं नव्हतं. दोघांनाही स्वकीयांच्या शिव्या मात्र सारख्याच मिळाल्या.

---

मिरजकर

शंकासुर, वकीलबाई, मान्य. साद बिन उबादाची हदीस मी वाचली होती आणि लेखात घ्यायला टाळली, हेही मान्य करतो. चोरी पकडली गेली.

पण तिच्याबद्दल एक म्हणायचंय. पैगंबर 'मी जास्त गैरतमंद' म्हणाले, आणि सादला मारायची परवानगी दिली नाही. त्याच बोलण्यात पुढे येतं, की अल्लाहला गैरत आहे म्हणूनच त्यानं उघडी-छुपी निर्लज्ज कृत्यं निषिद्ध केली, आणि त्याच्याइतकं सबब ऐकून घेणं कुणालाच प्रिय नाही. म्हणजे भावना नाकारली नाही, तलवार नाकारली. मला तरी तसं दिसतं. तुम्हाला दिसणार नाही, ठीक.

बापाच्या नियमावर माझ्याकडे उत्तर नाही. सूरह निसाच्या १३५व्या आयतीत न्यायासाठी घट्ट उभे राहा, साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातलगांविरुद्ध गेली तरी, असं स्वच्छ म्हटलंय. मखझूम टोळीच्या मोठ्या घरच्या बाईनं चोरी केली, लोक रदबदलीला आले, तेव्हा पैगंबर म्हणाले, माझी मुलगी फातिमानं चोरी केली असती तरी मी तिचा हात कापला असता. घराणं बघून न्याय करायचा नाही, हा त्याचा अर्थ. तो बापाच्या बाबतीत कुठे गेला, ते फकीहांना, म्हणजे तो कायदा मांडणाऱ्या पंडितांना, विचारावं लागेल. ते हयात नाहीत. जे हयात आहेत ते मला उभं करणार नाहीत.

---

साखरतर

सगळे मारण्यावर बोलताय. मारणं दूरची गोष्ट झाली. आमच्या रत्नागिरीकडे अब्रू मुलीच्या लग्नात दिसते, आणि ती रोजची आहे. त्याबद्दल लिहिते.

मिरजकर, तुम्ही घाटावरचे, बहुधा हनफी. आम्ही कोकणी मुसलमान शाफी. लोकांना वाटतं हा फरक नमाजात हात कुठे बांधायचे एवढाच. तसं नाही. हनफींमध्ये सज्ञान मुलगी स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. वलीला, म्हणजे बापाला किंवा दुसऱ्या पुरुष पालकाला, फार तर बरोबरीच्या घरावरून हरकत घेता येते. पाकिस्तानात वलीविना झालेला निकाह वैध धरला गेला तो याच आधारावर. शाफींमध्ये वली नसेल तर निकाहच होत नाही. शिवाय जुन्या शाफी ग्रंथांप्रमाणे कुमारिकेचं लग्न बाप तिला न विचारताही लावू शकतो, विचारणं फक्त चांगलं. म्हणजे माझी मिरजेची मैत्रीण आणि मी एकच कुराण वाचतो, आणि 'मला हा मुलगा नको' या वाक्याची किंमत दोघींची वेगळी.

प्रत्यक्षात विचारतात. निकाहाच्या दिवशी वकील (कोर्टातला नव्हे, मुलीची संमती विचारणारा) आणि दोन साक्षीदार आतल्या खोलीत येतात, अमक्याचा मुलगा अमका, इतकी मेहर, कबूल आहे का? हदीस आहे की कुमारिकेची शांतता हीच तिची संमती, कारण ती लाजते. या एका वाक्यावर किती लग्नं लागली असतील! माझ्या आत्येबहिणीला विचारलं तेव्हा ती हमसून रडत होती. खोलीतल्या बायकांपैकी एक म्हणाली, "लाजली हो, लिहा." वकिलानं मान खाली घालून लिहिलं. मी तेरा वर्षांची होते, तिच्या ओढणीचं टोक धरून बसले होते. ती लाजत नव्हती.

नंतर कुठेतरी वाचलं की हनफी ग्रंथांत यावरही चर्चा आहे. अश्रू थंड असतील तर आनंदाचे, म्हणून संमती, आणि गरम असतील तर नकार. मी हसले आणि मग हसू थांबलं. निदान त्या माणसांनी गालाला हात लावून बघायचा विचार तरी केला होता.

---

शंकासुर

साखरतर, प्रतिसाद दोनदा वाचला. माझा एकही मुद्दा मागे घेत नाही, पण तुमच्यापुढे तो जरा पुस्तकी वाटतोय.

एक विचारू? वलीचा नियम एवढा पक्का असेल तर तुमच्याकडच्या मुलीनं ग्रंथात शोधायचं तरी काय?

---

साखरतर

एक हदीस आहे. एक तरुण मुलगी आयेशांकडे आली. म्हणाली, बापानं माझं लग्न त्याच्या पुतण्याशी लावलं, माझ्या जिवावर स्वतःची पत वर काढायला. मला हे मान्य नाही. आयेशांनी तिला बसवून घेतलं. पैगंबर आले, त्यांनी बापाला बोलावणं पाठवलं आणि निर्णय मुलीच्या हातात दिला. तिनं काय म्हणावं? म्हणाली, बापानं केलेलं मी आता मान्य करते. मला फक्त बायकांना हे कळायला हवं होतं की या बाबतीत बापांच्या हातात काही नाही.

शाफी पंडित या हदीसच्या सनदीवर, म्हणजे ती सांगणाऱ्यांच्या साखळीवर, शंका घेतात, बापानं अयोग्य स्थळ दिलं असेल असंही म्हणतात. घेऊ देत.

गेल्या रमजानमध्ये तरावीहच्या रात्रीच्या नमाजानंतर आम्ही बायका एका घरी चहाला बसलो होतो, तेव्हा मी ही गोष्ट सांगितली. आत्येबहीणही होती, आता तिची मुलगी एकोणीसची आहे. सगळ्या ऐकत होत्या. एक ऐंशीच्या घरातली नानी, जिनं मला वाटतं त्या दिवशी 'लिहा' म्हटलं होतं, तिनं विचारलं:

"मग मोडलंन का तिनं?"

"नाही. राहिली त्याच्याकडेच."

"मग विचारायला कशाला गेलेली?"

कुणी काही बोललं नाही. आत्येबहिणीनं तिच्या कपात आणखी चहा ओतला, आणि मुलीला म्हणाली, "तू सांग नानीला."